तुमच्या बंधूंची फुकट न्यायदानाची हौस

विश्रांतवाडी, पुणे
वैशाखाचा पहिला आठवडा

तीर्थस्वरूप वन्संना सुरुचीचा नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा तुमचं जेवण उरकलेलं असेल, गुडघ्याला तेल चोळून झालेलं असेल आणि मोतीबिंदू काढल्यापासून डाव्या डोळ्याला अक्षर स्वच्छ दिसत असेल, असं धरून चालते. दिसत नसेल तर शेजारपाजारच्या कोणाकडून वाचून घेऊ नका. पुढे जे लिहिलं आहे ते तुमच्या धाकट्या भावाबद्दल आहे, आणि साताऱ्यात त्यांना अजून मान आहे. तो राहू दे. इकडे आम्ही दोघंही सुखरूप आहोत. त्यातलं सुख त्यांच्याकडे आहे आणि रूप (कालीमातेचं) माझ्याकडे.

फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात येईल. तर ऐका. निवृत्तीनंतर ह्यांनी जी समाजसेवा काढली आहे तिची पत्रकं छापली, ती विश्रांतवाडीपासून आळंदी रस्त्याला दुतर्फा वाटली आणि त्यावर 'मोफत सल्ल्यासाठी संपर्क' असं लिहून खाली नंबर छापला माझा. का, तर म्हणे, "माझा फोन जुना आहे, समोरच्याचं नीट ऐकू येत नाही. लोकांची गैरसोय नको." बायकोची गैरसोय हा विषय त्यांच्या कार्यकक्षेत येत नाही. तेव्हापासून माझा फोन माझा राहिलेला नाही. पोळी तव्यावर असताना कोणी विचारतं, सासूने दागिने दिले नाहीत तर किती दिवस वाट बघावी. परवा एकाने विचारलं, "मॅडम, घटस्फोटासाठी एक दाबायचं की दोन?" मी म्हटलं, तुम्ही फक्त बायकोला फोन द्या, मी तिचं अभिनंदन करते.

आता मूळ दुखण्याकडे येते. तीसेक वर्षं ह्यांच्या मागे लहान लहान शहरांतून बदल्यांचं बिऱ्हाड मी वाहिलं हे तुम्हाला माहीत आहे. न्यायाधीशाच्या बायकोचं आयुष्य कसं असतं हे मात्र तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, कारण तेव्हा तक्रार करणंसुद्धा आचारसंहितेत बसत नव्हतं. वाण्याशी हसून बोलायचं नाही, उद्या त्याचाच दावा समोर यायचा. हळदीकुंकवाला जायचं नाही, कारण बोलावणारीचा दीर वकील. शेजारणीने वाटीभर आंबेडाळ पाठवली तर ती वाटी झाकणासकट परत. (आंबेडाळ खाऊन कोणी निकाल फिरवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण ह्यांनी ऐकलं होतं म्हणे.) मी मनाशी म्हणायची, एकदा निवृत्त होऊ दे, मग पुण्याला जाऊ, आणि मग माझ्या घरीही माणसं येतील. देवाने हे ऐकलं. देवाला तेवढं ऐकू येतं.

बरं, नोकरीत होते तेव्हाही हे गप्प नव्हते. लोकांत मिसळायचं नाही पण लोकांची सेवा करायची, ही वाट त्यांनी बरोबर शोधून काढली होती. कायद्याची शिबिरं घेतली, तुरुंगात वाचनालय काढलं, कोर्टाच्या आवारात कडुनिंब लावले आणि त्यांना पाणी घालायला रविवारी स्वतः गेले. रक्तदान शिबिरात पहिलं रक्त आपलं म्हणून झोपले आणि बाटली बघून बेशुद्ध पडले. उद्घाटक बेशुद्ध आहेत म्हणून फीत कापायला मला बोलावलं. एका गावी मला म्हणाले, जुनी साडी नेस, तळ्यावर सहलीला जाऊ. गेले तर तिथे सगळं कोर्ट गाळ काढत होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'न्यायाधीशांच्या सौभाग्यवतींचेही श्रमदान'. फोटोत माझ्या डोक्यावर घमेलं आहे आणि चेहऱ्यावर जे आहे त्याला बातमीदाराने 'समाधान' म्हटलं आहे.

तर निवृत्त झाले. त्यांच्या बरोबरीचे सगळे लवादाची कामं घेतात, कंपन्यांना सल्ले देतात, युरोप बघून येतात. ह्यांनी काय करावं? सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक टेबल आणि चार खुर्च्या मांडल्या आणि तंटे मिटवायला बसले. आठवडाभरात चेअरमननी लेखी कळवलं, की पाहुण्यांच्या गाडीची जागा न्यायव्यवस्थेला देता येणार नाही. झालं, कोर्ट उठून आमच्या दिवाणखान्यात आलं. मी दारावर पाटी लावली : 'येथे न्याय फुकट मिळतो, चहा नाही. रडल्यास पाणी मिळेल.' ती ह्यांनी संध्याकाळच्या आत काढली आणि आलेल्यांना चहा विचारला. विचारणारे हे, करणारी मी.

लोकांचं भलं होतं का, असं विचाराल, तर होतं. खोटं कशाला बोलू? आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या कुंड्यांचं पाणी पहिल्या मजल्याच्या पापडांवर पडायचं. ते भांडण पोलीस चौकीपर्यंत गेलं होतं. ह्यांनी तीन संध्याकाळी दोघांना समोर बसवून ते असं मिटवलं, की आता दोन्ही घरं एकमेकांकडे जेवायला जातात. आणि परवा दोघांनी मिळून, एकाच कागदावर सह्या करून, आमच्या दारात येणाऱ्या लोकांच्या चपलांबद्दल सोसायटीकडे तक्रार केली. हे म्हणाले, "बघ, एकी झाली की नाही!"

इथवर सगळं मी सोसलं. पण गेल्या श्रावणात बापूराव आले, आणि त्यांच्याबद्दल तुम्हाला सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

बापूराव म्हणजे मंडईतले बापूराव. उभा जन्म त्यांनी तिथे भाजीच्या गाळ्यावर काढला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्यापासून चालत जाण्यासारखं त्यांनी स्वतः बांधलेलं दोन मजली घर आहे. मुलगे दोन. थोरला सर्जेराव, तो आता गाळा चालवतो. धाकटा केदार, तो शिकला, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिकडेच फ्लॅट घेऊन राहतो. दोन वर्षांपूर्वी बापूरावांनी राहतं घर सर्जेरावच्या नावावर केलं, का तर 'पोरगं म्हणालं, कशाला नंतर भानगडी.' सांभाळण्याच्या अटीवर दिलं, तसं कागदात लिहिलंही. वर्षभरात सर्जेराव म्हणायला लागला, केदारला शिकवलं, साहेब केलं, त्याने वडिलांना न्यावं. केदार म्हणायला लागला, घर दादाला दिलं, दादाने बघावं. दोघं भांडत भांडत ह्यांच्याकडे आले. ह्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि रात्री जेवताना मला सांगितलं, "गंमत बघ, दोघांचंही म्हणणं तर्काला धरून आहे." त्यांना असा दावा फार आवडतो. मी विचारलं, मग म्हातारा कुठे राहणार? तर म्हणाले, तोच प्रश्न आहे, आणि दोघांचा समेट होईपर्यंत मी बापूरावांना आपल्याकडे ठेवून घेतो असं सांगून टाकलं आहे.

वन्सं, खटल्यात सापडलेली सायकल कोर्टात जमा करतात ना, तसा तो माणूस दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जमा झाला. सर्जेराव रिक्षातून आला, वडिलांना उतरवलं, त्यांची एक पिशवी आणि औषधांचा डबा दिला, ह्यांच्या पाया पडला आणि त्याच रिक्षाने परत गेला. रिक्षा थांबवून ठेवली होती त्याने. तेव्हाच मी ओळखलं, की आता समेट होत नाही. ज्याच्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याने उतरवून घेतलं तो कशाला समेट करेल? हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी उत्तर दिलं, "तू माणसांवर फार लवकर अविश्वास दाखवतेस." बरोबर आहे. मी काही न्यायाधीश नव्हते. मला साक्षीपुरावा लागत नाही.

आता बापूरावांबरोबर एका घरात राहणं म्हणजे काय हे ऐका. दुपारी एक ते चार पुण्यात कोणी दार वाजवत नाही. ही ह्या शहराची एकच सवय मला मनापासून आवडते. बापूरावही दुपारी झोपत. पण झोपेत ते मंडईत जात. मी डोळा मिटला, की दिवाणखान्यातून आरोळी यायची, "मेथी घ्या, मेथी! ओ ताई, बघून तर जा!" पहिल्या दिवशी मी दचकून पिशवी शोधायला उठले. दारावर भाजी घेऊन येणारीला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "ही गवार जून हाय, ही गुरांना घाल." ती पुन्हा आली नाही. मग मला कोपऱ्यावरून भाजी आणावी लागायची, आणि आणली की बापूराव ती जमिनीवर पसरून, चष्मा लावून, माझी उलटतपासणी घ्यायचे. (हे सगळं सांगताना मी रागावलेली आहे, हे विसरू नका. पालेभाजी मात्र ते अशी निवडून द्यायचे की देठ न् देठ एका लांबीचा. असो.)

पण खरा राग मला त्यांचा नव्हता. रविवार आला की ते सकाळी दाढी करून घ्यायचे, धुतलेला सदरा घालायचे, पिशवी भरायचे आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. पिशवी मांडीवर. मी पहिल्यांदा विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, "आज सुट्टी हाय ना पोरांना. न्यायला येतील." संध्याकाळी दिवे लागले की उठायचे, पिशवीतले कपडे पुन्हा खुंटीला लावायचे आणि मला विचारायचे, बाई, उद्या भाजी काय करताय. दर रविवारी. मी ह्यांना म्हणायची, अहो, त्या पोरांना बोलवा, खडसवा, कायदा आहे ना, वापरा. आणि तुमचे बंधू, ज्यांनी तीस वर्षं चोराला तारीख वाढवून देताना दहादा विचार केला, ते मला सांगायचे, "हृदयपरिवर्तनाला वेळ लागतो." निवृत्ती झाली की माणसाचं निवृत्तिवेतन सुरू होतं एवढंच मला माहीत होतं. संतपणही सुरू होतं हे सरकारने आधी कळवायला हवं होतं.

दिवाळी आली. दोन्ही मुलांचे मोबाइलवर दिव्यांचे फोटो आले. ते ह्यांना आले, कारण बापूरावांकडे मोबाइल नाही. नरकचतुर्दशीला पहाटे ह्यांनी स्वतः पाट मांडला, बापूरावांना बसवलं आणि त्यांच्या पाठीला तेल लावलं. म्हातारा लाजून लाजून अर्धा झाला, "साहेब, तुम्ही नका, साहेब" म्हणत. हे लावत राहिले. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं, कारण उद्या तुम्ही म्हणाल मी भावाची एकच बाजू सांगते. ओवाळलं मी. आणि ओवाळताना ठरवलं, की आता हिंजवडीला जायचं.

हिंजवडीला जाणं हे काय प्रकरण आहे हे तुम्हाला साताऱ्यात बसून कळायचं नाही. तुम्ही साताऱ्याहून निघा, आम्ही विश्रांतवाडीहून निघतो, तुम्ही आधी पोचाल. केदारने कंपनीत बोलावलं होतं, म्हणे घरी चैतालीचे कॉल चालू असतात. (चैताली त्याची बायको. तीही सॉफ्टवेअरमध्ये.) फाटकावरच्या रखवालदाराने ह्यांची सही घेतली आणि गळ्यात 'अभ्यागत' असा पट्टा घातला. ज्यांच्यासमोर पोलीस अधीक्षक उभे राहायचे ते तुमचे बंधू तो पट्टा सांभाळत कॅन्टीनमध्ये एका पिवळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. नवराबायको दोघंही आली. पोरं वाईट वाटत नव्हती, हे आणखीच वाईट. चैताली फार गोड बोलली. "काकू, आमचा टू बीएचके आहे ना, त्यात एक रूम ऑफिस आहे. बाबा लास्ट टाइम आले तेव्हा माझा क्लायंट कॉल चालू होता आणि बाबा झोपेत इतक्या लाऊडली मेथी विकत होते, की अमेरिकेतून विचारलं, इज समवन हर्ट?" मी म्हटलं, तू त्यांना हो सांगायला हवं होतंस. त्यावर ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. केदार म्हणाला, "सर, तुम्ही न्यूट्रल आहात म्हणून बरं आहे. बाबाही तुमच्याकडे कम्फर्टेबल आहेत." आणि ह्यांनी, वन्सं, ह्यांनी त्याचे आभार मानले! वेळ दिल्याबद्दल! येताना तीन तास मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते मात्र बोलत होते. रस्त्यात एका दुचाकीवाल्याचं आणि बसच्या ड्रायव्हरचं भांडण त्यांनी खिडकीतून मिटवलं.

संक्रांत झाली आणि त्यानंतरच्या रविवारी सर्जेराव आला.

बापूराव नेहमीसारखे दाराजवळ, पिशवी मांडीवर. बेल वाजली, मी दार उघडलं, तर समोर सर्जेराव, हातात पेढ्यांचा पुडा. बापूराव उभे राहिले. इतक्या महिन्यांत मी त्यांना तसं उठताना पाहिलं नव्हतं, खुर्चीचा दांडा न धरता. वहाणांत पाय घातले, माझ्याकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "येतो बाई. लई केलंत." आणि सर्जेराव म्हणाला, "बसा, बसा बापू. मी न्यायला नाय आलो. घर बिल्डरला द्यायचंय, तिथं लाइटचं मीटर अजून तुमच्या नावावर हाय. एक सही पाहिजे फक्त."

म्हातारा बसला. पायातल्या वहाणा तशाच. आणि पेन शोधायला लागला, वन्सं. सदऱ्याच्या खिशात, मग पिशवीत. सही द्यायला.

त्यानंतर मी जे बोलले ते सगळं पत्रात मावणार नाही आणि मावलं तरी तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांना लिहिणं बरं नाही. एवढंच सांगते, की खालच्या पापडवाल्या वर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या, मला अडवायला नाही, नीट ऐकू यावं म्हणून. पेढ्यांचा पुडा मी सर्जेरावच्या हातात परत कोंबला. म्हटलं, हा मीटरला दे. बापाला भेटायला आलास तेव्हा दुसरा आण. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही मधे पडू नका, हा आमच्या घरातला मामला हाय." मी म्हटलं, श्रावणापासून तुझ्या घरातला मामला माझ्या घरात जेवतोय, आणि त्याला कमी तिखट चालत नाही हे तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. तो गेला. मग मी ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, तुम्ही अर्ज लिहिता, की मी पत्रकावरचा नंबर बदलून दुसऱ्या वकिलाचा घालू?

हे खुर्चीत बसले होते. मला वाटलं आता हृदयपरिवर्तन निघणार. पण ते उठले, बापूरावांच्या समोर जमिनीवर बसले (त्या गुडघ्यांनी!) आणि त्यांनी विचारलं, "बापूराव, तुम्हाला काय हवंय?"

वन्सं, तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं. थोरल्याला विचारलं, धाकट्याला विचारलं, सुनेला कॅन्टीनमध्ये जाऊन विचारलं. मी तेवढी रागावले, पण मीही विचारलं नव्हतं.

बापूरावांनी आधी पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. मग म्हणाले, "मला माझ्या घरी जायचंय. माझ्या. पोरांच्या घरी नाय."

त्या संध्याकाळी तुमचे बंधू अर्ज लिहायला बसले आणि मी चहा करून दिला. न मागता. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळलं नाही तर म्हाताऱ्या माणसाला परत मागता येतं. असा कायदा आहे, प्रांतसाहेबांकडे अर्ज करायचा असतो. हे ह्यांना पहिल्या दिवसापासून पाठ होतं, आणि ह्याच गोष्टीवर माझा राग अजून गेलेला नाही. मी विचारलं, इतके महिने का थांबलात? त्यांनी लिहिता लिहिता सांगितलं, "कोर्टात असताना राग येऊ द्यायचा नाही अशी सवय लावून घेतली होती. ती सुटत नाही. राग तू धर, मी कायदा धरतो." निवृत्तीनंतरचं कामाचं वाटप मला हे असं कळलं.

पुढची गंमत बघा. नोटिसा गेल्या. घर परत बापूरावांच्या नावावर येण्याची शक्यता दिसली आणि दुसऱ्याच दिवशी केदार हिंजवडीहून आला, सुट्टी काढून! म्हणे बाबांसाठी खोली रिकामी केली आहे, ऑफिस बाल्कनीत नेलं. तो बसला आहे तोवर सर्जेराव आला, बायकोला, कांताबाईला, घेऊन. ती पुरणाची पोळी घेऊन आली होती. आणि आमच्या दिवाणखान्यात दोघा भावांचं पुन्हा कडाक्याचं भांडण लागलं. तो म्हणे बापू माझे, हा म्हणे बाबा माझे. श्रावणातला दावाच उलटा करून समोर आला होता, आणि कसं सांगू, ह्यांचा चेहरा पुन्हा खुलला. मी डोळे वटारले तेव्हा गप्प बसले. बापूराव कोपऱ्यात भेंडी पुसत होते. त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, "पोळी कुठल्या डाळीची हाय?" आणि मग एक खाल्ली. दोघांपैकी कोणाबरोबरही गेले नाहीत.

प्रांत कचेरीत मीही गेले. तिथे बसून बघितलं आणि मान्य करावं लागलं, की तुमच्या बंधूंना हे काम येतं. आवाज चढवला नाही, एक शब्द जास्त बोलले नाहीत. सर्जेरावला तीनच प्रश्न विचारले : वडिलांना कुठली औषधं चालू आहेत, शेवटचं एकत्र कधी जेवलात, आणि त्या दिवशी रिक्षा का थांबवून ठेवली होती. तिसऱ्याला तो रडला. खरं रडला का खोटं, मला सांगता येणार नाही. मी त्याला पाणी दिलं.

पाडव्याच्या आत निकाल लागला. घर पुन्हा बापूरावांचं. सर्जेराव आणि कांताबाई वरच्या मजल्यावर राहतील, नीट वागले तर. केदार दर महिन्याला खर्चाचा वाटा देईल. बिल्डर दुसरं घर बघतो आहे. पाडव्याला आम्ही बापूरावांना सोडायला गेलो. कांताबाईने रांगोळी काढली होती, तोंड मात्र मिटलेलं होतं. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. त्या घरात अजून कोणी कोणाशी सरळ बोलत नाही आणि कदाचित बोलणारही नाही. पण बापूरावांनी आत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या, आपल्या खोलीतली सर्जेरावची पोती बाहेर काढायला लावली, आणि मग बाहेर येऊन मला म्हणाले, "बसा बाई. आता तुम्ही माझ्या घरी आलाय." मी बसले. इतक्या वर्षांत, वन्सं, पहिल्यांदाच कोणाच्या घरी बसताना मला मागेपुढे बघावं लागलं नाही.

आणि आम्ही घरी परतलो तर जिन्यात एक बाई, तिचा भाऊ आणि दोघांच्या मधे एक म्हैस. म्हणजे म्हशीचा फोटो. ह्यांनी दार उघडायच्या आधीच त्यांना विचारलं, चहा घेणार का.

म्हणून रागाने बसून हे पत्र लिहिलं. तुम्ही थोरल्या आहात, तुमचं ते ऐकतात. त्यांना एकदा कडक शब्दांत लिहा, की ही हौस आवरा. तुमच्या गुडघ्याला जपा, उन्हाचं बाहेर पडू नका. लोभ आहेच, तो कमी करू नका.

तुमची,
सुरुची

ता. क. वरचं कडक शब्दांचं राहू द्या. त्यासाठी पत्र लिहिलेलं नाही. तुमच्या गंधारने तुम्हाला साताऱ्याचं घर त्याच्या नावावर करून द्यायला सांगितलं आहे आणि पुढच्या महिन्यात तो बंगळूरहून कागद घेऊन येतो आहे, हे ह्यांना तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. गंधार गुणी मुलगा आहे. सर्जेरावही लहानपणी गुणीच असणार. वन्सं, सही करू नका. निदान मी तुमच्यासमोर बसून दोन शब्द बोलेपर्यंत तरी करू नका. मी ह्यांना म्हटलं, ताईंना तुम्ही सांगा. तर जगाचे तंटे मिटवणारा हा माणूस म्हणाला, "तिच्या मुलाबद्दल मी कसं बोलू? तिला वाईट वाटेल." त्यांनी रात्रभर कूस बदलली, पण फोन केला नाही. म्हणून वाईटपणा मी घेतला. मला सवय आहे.

ता. क. दुसरा. ह्यांना हे पत्र दाखवलेलं नाही. पण पाकिटावर पत्ता त्यांच्या अक्षरात आहे हे तुम्ही बघितलंच असेल. मी मागितला नव्हता. सकाळी उठले तर टेबलावर तयार पाकीट होतं, तिकीट लावून.

ता. क. तिसरा. माझा राग आला तर तो इथे येऊन करा, महिनाभर राहून करा. तिथल्या तिथे करण्यात अर्थ नाही. सकाळच्या गाडीने निघा, स्वारगेटला उतरा. घ्यायला मी येते. ह्यांना पाठवत नाही, तिथे कंडक्टर आणि प्रवासी सुट्या पैशांवरून भांडत असतात, आणि मग तुम्ही दोघं रात्रीपर्यंत घरी पोचायची नाहीत.